चढातली तिसरी खूण

सकाळी उठल्यावर मी बोलत नाही. दिवा लावते, हात जोडते, बासरीचे तीन तुकडे पुसून जोडते आणि ‘चढ’ एकदा वाजवते. चार पानं, साडेसहा मिनिटं. त्यानंतरच तोंड उघडायचं, असा माझा सत्तावीस वर्षांचा नेम आहे. घरात पाहुणे असोत, अंगात ताप असो. एकदा पहाटे नळ फुटला होता तर पायाखाली पाणी असताना मी वाजवलं, आणि मगच ह्यांना म्हटलं, “अहो, उठा, बादल्या आणा.” हे म्हणाले, “साडेसहा मिनिटं आधी सांगितलं असतंस तर गालिचा वाचला असता.”

‘चढ’ ह्यांनीच लिहिलेला. एकट्या बासरीसाठी, साथीला कुणी नाही. वरच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात ‘तिच्यासाठी’ एवढंच. त्या वर्षी माझ्या छातीत पाणी झालं होतं. बासरी नऊ महिने पेटीत पडून होती. जीव वाचला यातच समाधान माना, वाजवायचं विसरा, असं डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं. तेव्हा मी देवाला शब्द दिला की दम परत दिलास तर ह्यांचं हे लिहिलेलं रोज सकाळी तुझ्यापुढे वाजवीन, कानामात्रा न बदलता. देवाने त्याच्याकडून काही बाकी ठेवलं नाही. मीही ठेवलं नाही.

दुसऱ्या पानाच्या मध्यावर एक लांब ओळ सुरू होते. अगदी तळाच्या स्वरापासून ती वर वर चढत जाते, म्हणूनच रचनेचं नाव ‘चढ’. त्या ओळीवर चार ठिकाणी स्वल्पविरामासारखी बारीक खूण आहे. खूण दिसली की श्वास घ्यायचा. त्या चारही ठिकाणी मी अर्धी मात्रा थांबते, कमी नाही की जास्त नाही. कुणीही घड्याळ लावून बघावं.

हे सगळं आधी सांगितलं, कारण पुढे मी जे केलं ते याच्याच आडोशाने केलं.

संगीताची पुस्तकं छापणारे एक गृहस्थ आहेत. घरात आम्ही त्यांना चष्मेवाले म्हणतो, कारण त्यांचा एक चष्मा नाकावर असतो आणि एक कपाळावर. ह्यांना सत्तर पूर्ण झाली त्या महिन्यात ते म्हणाले, “‘चढ’ आता छापूया. आणि सोबत एक ध्वनिमुद्रणही करूया, म्हणजे पुढच्या पोरांना कळेल कसं वाजवायचं ते. वाजवणारं माणूस तुम्ही ठरवा.”

कोण वाजवणार हे मी ह्यांना विचारलंही नाही. आपल्याच घराचं दार कुणी ठोठावून उघडतं का?

विचारलं ते माझ्या नणंदेने. तिची मुलगी टिटवी. हसणं असं उंच जाऊन फुटतं की लहानपणीच तिला हे नाव चिकटलं, आणि आज ती शहराच्या वाद्यवृंदात पहिली बासरी वाजवते तरी तिथेही तेच चालतं. त्याच वाद्यवृंदात मी एकोणीस वर्षं होते, दुसरी बासरी. टिटवीला पहिली फुंकर मीच शिकवली, ती नऊ वर्षांची असताना, रिकाम्या बाटलीच्या तोंडावर. शिकवताना मला फार आनंद व्हायचा. तेव्हा ती बाटलीच वाजवत होती.

“वहिनी,” नणंद फोनवर म्हणाली, “पोरीलाही एकदा वाजवू दे ना दादापुढे. घरचीच आहे. उष्टं नाही होणार काही.”

“वाजवू दे की,” मी म्हटलं. “मी कुठे दारात उभी आहे?”

रविवारी दुपारी टिटवी आली. आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो. लिफ्ट बसवून अकरा वर्षं झाली, पण ती लिफ्टची वाट बघत नाही. चारही जिने धावत येते आणि दारात उभी राहून लगेच बोलायला लागते. तिचं ते धाप न लागणं मला नेहमीच जरा टोचत आलंय.

ह्यांनी नुकताच चहा घेतला होता. कप हातात होता. मी माझी प्रत स्टँडवर लावून दिली, तीच, ह्यांच्या हातची, कडा मऊ झालेली. टिटवीने पहिलं पान वाजवलं. चांगलं वाजवलं, त्यात काय. पहिली बासरीवाली आहे. मग ती लांब ओळ आली. पहिली खूण तिने ओलांडली. दुसरीही. मी ओठ आवळून बसले. आणि तिसऱ्या खुणेपाशी ती थांबली.

अर्धी मात्रा गेली. एक गेली. दोन. मला वाटलं, बाई विसरली. मी हळूच पुढे वाकले, तिला बोटाने पुढचा स्वर दाखवायला. तेवढ्यात माझी नजर ह्यांच्याकडे गेली. कप टेबल आणि ओठ यांच्या मध्येच अडकला होता. चेहरा असा, की कुणी तरी दार वाजवलंय आणि उघडायची हिंमत होत नाही. मग टिटवीने पुढचा स्वर घेतला, अगदी बारीक, आणि चौथी खूण विसरून थेट शिखराला जाऊन पोचली. ह्यांनी कप खाली ठेवला. चहा बशीत सांडला.

संपल्यावर मीच आधी बोलले.

“अगं, चार खुणा आहेत तिथे.”

“माहितेय मामी. पण दम उरतो ना माझा. मग उगाच कशाला थांबू?”

“आणि तिसरीपाशी? डुलकी लागली होती?”

ती हसली. “तिथे माझं पाऊलच पुढे पडत नाही. का ते नाही सांगता येत.”

“बासरी पायाने वाजवायची असं मी शिकवल्याचं आठवत नाही.”

“मामी, चिडू नकोस ना.”

“मी चिडत नाही. लिहिणाऱ्याने काही विचार करून लिहिलेलं असतं, एवढंच म्हणते. आपण निरोप्या. निरोप्याने पत्र पोचवावं, त्यात आपल्या दोन ओळी घालू नयेत. खुणेला अर्धी मात्रा म्हणजे अर्धी मात्रा.”

“पण अर्धी मात्रा कुठे लिहिलीय? नुसती खूण आहे.” तिने कागदाजवळ नाक नेऊन पाहिलं. “मामा, तुम्हीच सांगा. चुकलं का माझं?”

हे खिडकीबाहेर बघत होते. “खुणा चार आहेत, हे खरं,” एवढंच म्हणाले. आणि थोड्या वेळाने, “पुन्हा वाजव बघू.”

पुन्हा वाजव. सत्तावीस वर्षं मी रोज वाजवते. वर्षाला तीनशे पासष्ट. एकदाही हे मला म्हणाले नव्हते की पुन्हा वाजव. मी उठून बशी धुवायला नेली, आणि जरा जास्तच वेळ धुतली.

कानामागून आली आणि तिखट झाली, ही म्हण मी आयुष्यात दहा जणींबद्दल ऐकली होती आणि दर वेळी म्हणणारीचीच कीव केली होती. आता ती माझ्याच तोंडाशी येऊन बसली. उठता बसता पोटात दुखायला लागलं. ह्यांनी वर्तमानपत्र वाचताना बोटांनी ताल धरला, तरी मला वाटायचं तो तिचाच. वाद्यवृंदातल्या एका जुन्या मैत्रिणीला मी मुद्दाम फोन केला आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, “काय गं, हल्लीच्या मुली लिहिलेलं वाचतात की नाही?” ती म्हणाली, “तुझी टिटवी वाचते की. आणि काय वाजवते.” मी म्हटलं, गॅसवर दूध आहे का बघते. नव्हतं.

सगळ्यात वाईट म्हणजे दिव्यापुढे. टिटवीसाठी प्रार्थना करायची, मन आपोआप निवळेल, असं ठरवून मी बसले, आणि मागितलं काय, तर तिला सर्दी होऊ दे. तोंडाने नाही. तोंडाने मी तिला उदंड आयुष्यच मागितलं. पण देवाला दोन्ही ऐकू जातं, हे मी लहान मुलांनासुद्धा सांगत आले आहे.

आठवडाभराने, सोमवारी, चष्मेवाल्यांचा फोन आला. गुरुवारी ते येणार होते. दोघींचं ऐकायचं, आणि तिथल्या तिथे ठरवायचं. “आणि ताई, जुना खर्डा असेल तर काढून ठेवा. त्याचं चित्र शेवटच्या पानावर छापू. लोकांना आवडतं, खोडलेलं बिडलेलं बघायला.”

ह्यांचे कागद मी सांभाळते. भिंतीलगत आडवे लांब खण आहेत, प्रत्येकावर वर्ष लिहिलेलं. मी आजारपणाच्या वर्षाचा खण उपसला. ‘चढ’चा खर्डा त्यात नव्हता. तो सापडला आदल्या वर्षाच्या खणात, एका भलत्याच गाण्याच्या कागदांत. पान पिवळं पडलेलं, कोपऱ्यात तारीख. मी ठणठणीत होते त्या हिवाळ्यातली.

तीच ओळ. तेच स्वर. पण खुणा नाहीत, एकही नाही. पहिल्या स्वरापासून शेवटच्या स्वरापर्यंत ओळीवर एकच लांब कमान काढलेली, पुलासारखी, आणि तिच्याखाली ह्यांच्या तिरक्या अक्षरात दोन शब्द: एका दमात.

मी खणाच्या कडेवरच बसले.

म्हणजे खुणा माझ्या छातीसाठी होत्या. घरात आजारी माणूस असलं की त्याचं वेगळं शिजवतात, कमी तिखटाचं, मऊ. तसं हे माझ्यासाठी वेगळं शिजवलेलं. ते पथ्याचं जेवण मी सत्तावीस वर्षं देवापुढे ठेवत होते, आणि वर मिरवत होते की बघा, मूळ चवीला मी हात लावला नाही. आणि जिने हा कागद कधी पाहिलाच नाही ती पोरगी, दम उरतो म्हणून, लिहिणाऱ्याच्या मनातलं बरोबर वाजवत होती. तिसऱ्या खुणेपाशी ती थांबते, ते मात्र या खर्ड्यातही नव्हतं. तेवढ्याच काडीला मी धरून राहिले.

गुरुवारी हा कागद टेबलावर आला असता तर पुढे बोलायलाच काही उरलं नसतं. मी त्याच्या चार घड्या केल्या आणि दिव्याच्या बैठकीखाली सारला. त्या कोनाड्याला माझ्याशिवाय घरात कुणी हात लावत नाही. दुसरी जागा सुचली नाही, असं मी स्वतःला सांगितलं.

“सापडला का गं?” ह्यांनी जेवताना विचारलं.

“नाही.”

“असं होय,” हे म्हणाले आणि पाणी प्यायले.

खोटं बोलायचं नाही, हाही माझा नेमच होता. तो त्या दिवशी असा एका शब्दात मोडला, आवाजसुद्धा झाला नाही.

गुरुवारी टिटवी आली ती नाक ओढत. डोळे लाल, हातात रुमाल. मी दिव्याच्या कोनाड्याकडे बघितलं.

“अगं, कधीपासून?”

“सोमवारपासून मामी. चालेल, वाजवते मी.”

चष्मेवाल्यांना मी उशी असलेली खुर्ची दिली. आधी मी वाजवलं. एकही स्वर हलला नाही. चारही खुणांशी अर्धी मात्रा, सुईच्या नेढ्यातून दोरा जावा तशी. चष्मेवाल्यांनी कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला आणि नाकावरचा कपाळावर, आणि म्हणाले, “स्वच्छ. फारच स्वच्छ.” स्वच्छ तर ताटंवाट्याही असतात.

मग टिटवी. नाक शिंकरून, माफी मागून. आणि त्या चोंदलेल्या नाकाने, त्या घशाने, ती दोन्ही खुणा ओलांडून वर गेली, आणि तिसरीपाशी थांबली. या वेळी मी ह्यांच्याकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं. बघितलंच. हे टेबलाची कड धरून बसले होते.

“आता माझं मत विचाराल तर,” चष्मेवाले म्हणाले.

“विचारलेलं नाही,” हे म्हणाले. एरवी हे असं तोडून बोलत नाहीत. “प्रत हिची छापा, खुणांसकट. आणि वाजवेलही हीच.”

चष्मेवाले एकदा माझ्याकडे आणि एकदा टिटवीकडे बघत राहिले. टिटवी म्हणाली, “बरोबर आहे मामा. वर लिहिलंयच ना, तिच्यासाठी.” तिने सगळ्यांचे कप गोळा केले, धुऊन पालथे घातले, आणि जाताना मला वाकून नमस्कार केला. जिन्यावरून तिची पावलं ऐकू आली. उतरताना ती धावत नव्हती.

मी जिंकले होते. संध्याकाळी नणंदेचा फोन आला. “अभिनंदन हो वहिनी. दादा तुझ्या शब्दाबाहेर कधी गेलाय का?” तिने साखरेत घोळवून दिलं, पण लागायचं तिथे लागलं. म्हणजे पुन्हा तेच. पुन्हा माझ्यासाठी वेगळं शिजवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दिवा लावला. दिवा बैठकीसकट कलला होता, आणि तेल एका बाजूने ओघळून खाली गेलं होतं. मी बासरी जोडत होते तेवढ्यात हे आत आले. या वेळी हे कधी येत नाहीत. स्टूल ओढून माझ्यासमोर बसले.

“आता तुला बोलता येणार नाही,” हे म्हणाले, “म्हणून आत्ताच सांगतो. सत्तावीस वर्षांत एवढी एकच वेळ आहे, जेव्हा तू मला मध्ये तोडत नाहीस.”

मी बासरीकडे बोट दाखवलं, म्हणजे आधी वाजवू द्या.

“थांब. दिवा सोमवारपासून वाकडा आहे.” ह्यांनी दोन्ही हातांनी दिवा अलगद उचलला, खालची घडी काढली, दिवा परत ठेवला. सरळ. कागदाची एक बाजू तेलाने पारदर्शक झाली होती. “सापडला नाही म्हणालीस, तेव्हाच कळलं की सापडला. तू खोटं फार वाईट बोलतेस, सवय नाही ना. आणि मला हेही कळलं की तू काय समजलीस. खुणा तुझ्या दमासाठी घातल्या, असंच ना?”

मी मान हलवली. डोळे भरून येत होते आणि त्याचाच राग येत होता.

“तुझ्या दमासाठी लिहायचं असतं तर मी सोपं काही तरी लिहिलं असतं. अंगाई लिहिली असती. हा खर्डा आहे ना, तो डोंगराचा. डोंगर मी पाहिलाही नव्हता, नुसता तोरा होता. मग तू आजारी पडलीस. दवाखान्यातून आल्यावर रोज संध्याकाळी तू खाली जायचीस आणि एकटी जिना चढून यायचीस. मला ताकीद होती. हात धरायला आलात तर उलटी खाली जाईन. आठवतं?”

आठवत होतं.

“मी दार उघडं ठेवून या टेबलाशी बसायचो. पहिल्या मजल्यावर तू थांबायचीस, तुझा श्वास वर ऐकू यायचा. दुसऱ्यावर थांबायचीस, तोही ऐकू यायचा. तिसऱ्यावर जिन्यात ती रस्त्याकडची खिडकी होती. तू तिच्या कट्ट्यावर बसायचीस, आणि रस्त्याच्या आवाजात तुझा श्वास बुडून जायचा. काही ऐकू यायचं नाही. मी मोजत बसायचो. एकदा शंभरपर्यंत मोजलं. मग शेवटच्या वळणावर तुझी चप्पल वाजायची, तिथे तुझा चौथा श्वास, की मी पेन उचलायचो, काम करत असल्यासारखं. त्या चार खुणा म्हणजे तो जिना आहे. श्वास घेण्याची खूण आहे, हो. पण तिसरीपाशी श्वास तुझा नाही, माझा अडकलेला आहे.”

स्वयंपाकघरात पाण्याचं भांडं उकळून झाकण वाजत होतं. कुणी उठलं नाही.

“आता वाजव,” हे म्हणाले आणि गॅस बंद करायला गेले.

मी वाजवलं. तिसऱ्या खुणेपाशी अर्धी मात्राच थांबले. हट्टाने. संपल्यावर बासरी खाली ठेवली आणि म्हटलं, “इतकी वर्षं सांगितलं का नाही?”

“तू देवाला शब्द देऊन बसली होतीस, कानामात्रा बदलणार नाही म्हणून. तुमच्या दोघांत मी कशाला पडू?”

“आणि काल? माझी दया आली?”

“दया कसली. भीती वाटली.” हे चहा गाळत होते, माझ्याकडे पाठ करून. “पोरीने कुणी न सांगता तो जिना मला पुन्हा ऐकवला. तू तिसऱ्या मजल्यावर आहेस आणि मी मोजतोय. ते छापून, ध्वनिमुद्रित करून घरात ठेवायचं आणि पुन्हा पुन्हा ऐकायचं? नको वाटलं मला. तू रोज अर्ध्या मात्रेत पुढे निघतेस ना, ते ऐकलं की मला कळतं, बाई ठणठणीत आहे. मग मी चहा टाकतो.”

रोज नेम संपता संपता चहा तयार असतो. मला वाटायचं, ह्यांना घड्याळ कळतं.

मी दिवसभर तो तेलकट कागद घेऊन हिंडले. माझ्या वाजवण्याचा उपयोग काय हे मला एवढ्या वर्षांनी कळलं होतं, आणि तो थोडाथोडका नव्हता. पण तो या चार भिंतींतला होता. ‘चढ’ कुणी परक्याने ऐकायचा तर त्याला त्या तिसऱ्या खुणेपाशी ते मोजणं ऐकू यायला हवं. माझं ऐकून ते येत नव्हतं. अर्धी मात्रा ह्यांनी कधीच लिहिली नव्हती. ती मीच ठरवली होती, आणि ठरवल्याचं विसरून तिला ह्यांचं नाव दिलं होतं. पत्रात आपल्या ओळी घालणारा निरोप्या मीच. टिटवीने निदान स्वतःच्या नावाने तरी घातल्या होत्या. हे सगळं कळल्यावर पोटातलं दुखणं थांबेल, असं वाटलं होतं. थांबलं नाही. उलट नवं सुरू झालं. मी जो जिना चढले, तो त्या पोरीला न चढता का यावा?

संध्याकाळी ह्यांना म्हटलं, “ध्वनिमुद्रण टिटवी करेल. तुम्हाला भीती वाटत असेल तर त्या दिवशी कानात कापूस घाला.”

ह्यांनी पेनाचं टोपण लावलं. मग म्हणाले, “कापूस आहे का घरात?”

शनिवारी मी तालमीच्या दालनात गेले. एकोणीस वर्षं बसले ती जागा. खुर्च्या एकात एक रचून भिंतीला लावलेल्या, सगळे गेलेले. टिटवी एकटी, सळईला फडकं गुंडाळून बासरी आतून पुसत होती.

“मामी? तू इथे?”

“सर्दी कशी आहे?”

“कुणी तरी मनापासून दिलीय वाटतं, जातच नाही.”

मी पिशवीतून खोकल्याच्या गोळ्या काढल्या, दोन पाकिटं. तिने दोन्हीकडे पाहिलं. “एवढ्या?”

“असू दे. घे.” मग मी सांगितलं, ध्वनिमुद्रण तू करायचंस, मामांना विचारलंय. तिला खरं वाटेना. दोनदा म्हणाली, मामी थट्टा करू नकोस. मग फडकं तसंच हातात धरून माझ्या गळ्यात पडली, आणि माझ्या खांद्यावर तिचं नाक पुसलं गेलं. तेही मी निमूट घेतलं.

मी तिला प्रत दिली, आणि खर्डाही दाखवला. तो आता चष्मेवाल्यांकडे जाणार होता, डागासकट. तिने कमानीवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, “एका दमात. बघ मामी, म्हणजे मी अगदीच काही चुकत नव्हते.”

“नव्हतीस.”

“पण मग तिसरीपाशी मी का थांबते? इथेही नाही, तुझ्या वाजवण्यातही नाही. आईला विचारलं तर ती म्हणते नाटकं करतेस. तिथे नेमकं काय आहे गं? मामा काही बोललेत का कधी तुझ्यापाशी?”

तिचा चेहरा अगदी बाटली वाजवायची तेव्हासारखा झाला होता. मला ते सगळं सांगता आलं असतं. खिडकी, कट्टा, मोजणं. दोन मिनिटांचं काम. तिला रचना दिली होती, ध्वनिमुद्रण दिलं होतं, आता एवढंच उरलं होतं माझ्याकडे.

“नाही,” मी म्हटलं. “थांबतेस तशी थांब.”

आठवड्यातलं हे माझं दुसरं खोटं. पहिल्याबद्दल मी देवाची क्षमा मागितली. दुसऱ्याबद्दल अजून मागितलेली नाही.

रविवारी सकाळी दिवा लावला. सरळ होता. हात जोडले, बासरी जोडली, पहिलं पान वाजवलं. स्वयंपाकघरात कपाटाचं दार उघडल्याचा, मग चहाच्या डब्याचा आवाज आला. लांब ओळ सुरू झाली. पहिल्या खुणेशी अर्धी मात्रा. दुसरीशी अर्धी मात्रा.

तिसरीपाशी मी थांबले.

अर्धी मात्रा गेली. एक गेली. आत डब्याचं झाकण लागता लागता राहिलं. दोन गेल्या. मी दिव्याकडे बघत होते. दम होता छातीत, भरपूर होता. खाली रस्त्यावरून एक गाडी गेली, आणि तिच्यामागे पुन्हा सगळं शांत झालं. पाच. सहा. पुन्हा वाजव म्हणाले होते ना त्या पोरीला. सात.

“अगं?” आतून हाक आली.

मला बोलता येत नव्हतं. मी पुढचा स्वर घेतला.